कनिशायचा राजीनामा

१

अध्यक्षांनी राजीनामा दिल्याचं आम्हाला कळलं ते नाश्त्याच्या रांगेत.

भोजनगृहाच्या दाराशेजारी फळा होता. आज तळलेली मासळी मिळणार नाही, अशी सूचना त्यावर आदल्या दिवशी लागली होती. तिच्याच खाली चार टाचण्यांनी एक कागद लावला होता. अधिवेशनाला आलेले अडतीस देशांचे प्रतिनिधी रिकाम्या ताटल्या हातात धरून समोर उभे होते आणि कुणीच पुढे सरकत नव्हतं. आत चहाच्या समोवारला उकळी फुटलेली, गरम तळलेल्या बोर्सोकांचा वास सुटलेला, तरी कुणाला खाण्याचं भान नव्हतं.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो. पत्र किर्गिझमध्ये होतं, जुन्या टाइपरायटरवर ठोकलेलं.

"मी, कनिशाय दुलातोवा, आंतरराष्ट्रीय पट्टाकुस्ती महासंघाच्या अध्यक्षपदाचा आजपासून राजीनामा देत आहे. यंदाच्या निवडणुकीला मी उभी नाही. चौतीस वर्षं हा पट्टा बांधला. पाठीला माती न लागता तो सोडते आहे."

खाली कालची तारीख, महासंघाचा निळा शिक्का आणि सही.

"मुकाम्बेत बायके, खरं आहे का हो हे?" मागून कुणीतरी विचारलं. बायके म्हणजे वडीलधारा; मी महासंघाचा मुख्य पंच, वय अडुसष्ट. पंचाच्या शिट्टीबरोबरच बावीस वर्षं नारिनच्या मिलिशियात, म्हणजे पोलिसांत, तपासनीस होतो. म्हणून काही हरवलं, काही बिघडलं की लोक माझ्याकडेच बघतात.

तेवढ्यात कनिशाय आली. इसिक-कुल तळ्याच्या थंड पाण्यात सप्टेंबरातही ती रोज सकाळी पोहते. केस ओले, खांद्यावर टॉवेल. गर्दी आपोआप दुभंगली. पन्नाशीतली बाई, पण चाल अजून आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानाची. तिने पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

उपाध्यक्ष नुरदौलेत आयत्खोजिन तिथेच उभा होता. अल्माटीचा कझाक, उंच, नीटनेटका, आणि दुपारच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभा असलेला एकमेव उमेदवार. त्याने थोरल्या बहिणीला विचारावं तसं अगदी अदबीने विचारलं, "आणि सही, एजे? सहीसुद्धा तुमची नाही?"

कनिशायने वाकून सही पाहिली. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर सरळ नाही म्हणून मोकळं झालं असतं.

"सही माझीच आहे," ती म्हणाली.

२

तिच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. खिडकीतून तळं दिसत होतं, निळंशार, स्तब्ध.

"नियम तुला माहीत आहे," मी म्हणालो. "सही आणि शिक्का असलेलं पत्र सरचिटणीसाला उद्घाटनालाच वाचावं लागतं. वाचलं की तुझं नाव मतपत्रिकेवरून गेलं."

"उद्घाटन दोनला आहे. आता साडेआठ." ती केस पुसत होती. "बायके, लोक कुजबुजतायत की मी घाबरले. हरणार म्हणून आधीच पट्टा सोडला. निवडणूक हरले तर हरले. पण घाबरले असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही."

"तू कुणाला काही लिहून दिलं होतंस?"

"नाही."

"मग मला तू एक लिहून दे. चौकशीचा अधिकार. हातात कागद असला की दारं उघडतात."

तिने चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो फळ्यावरून काढून आणलेल्या पत्राशेजारी ठेवला. चाळीस वर्षं मी पैलवानांचे हात बघत आलोय. पट्ट्यावरची पकड खरी की खोटी, ते मनगटावरून कळतं. या दोन सह्या एकाच हाताच्या होत्या, यात शंकाच नव्हती. पण पत्रावरच्या सहीला शेवटी लांब शेपटी होती, घोड्याच्या चाबकासारखी उजवीकडे सपकन गेलेली. आत्ताच्या सहीला शेपटी नव्हतीच. अक्षर जिथे संपलं तिथेच पेन थांबलं होतं.

"कनिशाय, तुझा अंगठा."

तिने उजवा अंगठा वर केला. सांध्यापाशी अजून सूज होती. जुलैच्या अखेरीला वरच्या कुरणावर घोडीने दोर हिसकला तेव्हा हाड मोडलं होतं.

"तेव्हापासून शेपटी येत नाही," ती म्हणाली. "बँकेतही कटकट झाली." आम्ही दोघांनी एकाच वेळी पत्राकडे पाहिलं.

तारीख कालची आणि सही अंगठा मोडण्याआधीची. म्हणजे तिने सही केली तेव्हा कागद कोरा होता.

"कोऱ्या कागदांवर सह्या करून कुणाला दिल्या होत्यास?"

कनिशाय पलंगावर बसली. "मेलीसला," ती म्हणाली. "तीन."

३

मेलीस अकुनोव्ह आमचा सरचिटणीस. बारा वर्षं कार्यालय सांभाळतोय, कागद जागचा हलू देत नाही. मी गेलो तेव्हा तो अधिवेशनाच्या फायली लावत होता आणि मधूनमधून पेल्यातलं नुसतं गरम पाणी पीत होता. माझ्या हातातलं पत्र बघून त्याने पेला खाली ठेवला.

"बायके, मी तसं काही केलेलं नाही."

"मी अजून काही विचारलेलंच नाही."

तो ओशाळला. मग त्याने सांगितलं ते असं. आईच्या वर्षश्राद्धासाठी कनिशाय तीन आठवडे कुरणावर गेली. तिथे फोन लागत नाही. परदेशी संघांची व्हिसाची पत्रं अडून राहू नयेत म्हणून तिने तीन कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का करून ते त्याच्याकडे ठेवले. नियमाला धरून नव्हतं, पण त्यावाचून संघ आले नसते.

"एक ताश्कंदला गेलं, एक अंकाराला. दोन्हींच्या प्रती या फाइलीत आहेत."

"आणि तिसरं?"

"त्यावर चहा सांडला," मेलीस झटकन म्हणाला. "खराब झालं. फाडून टाकलं."

"कुणाचा चहा?"

"माझाच."

त्याचे कान लाल झाले होते. मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि वळून विचारलं, "मेलीस, आज ती हरावी असं तुला वाटतं का?"

"बायके!" त्याचा आवाज चिरकला. "दिवाळं निघालेल्या गोदामातलं कार्यालय होतं आमचं. या बाईने अकरा देशांचा महासंघ अडतीसवर नेला. ती हरावी असं मला वाटेल?" डोळ्यांत खरंच पाणी होतं. तरीही चहाबद्दल तो खोटं बोलत होता. माणूस एकाच दमात खरंही बोलतो आणि खोटंही, हे मी मिलिशियात शिकलो.

४

रायसा पावलोव्हना तळ्याकाठच्या बाकावर जर्दाळू खात बसल्या होत्या. त्या रशियन, जन्म बिश्केकचा, वय सत्तरीचं. तीस वर्षं महासंघाचा एकूण एक कागद त्यांनी टाइप केला. संगणक आले तेव्हा कनिशायने त्यांना दप्तरखान्यात बसवलं. ते दुखणं त्या दर वाढदिवसाच्या मेजवानीत बोलून दाखवतात. शिवाय जुना टाइपरायटर दप्तरखान्यातच असतो.

"या, मुकाम्बेत सादिरोविच," त्या रशियन रीतीने वडिलांच्या नावासकट हाक मारत म्हणाल्या. "मला बेड्या आणल्यात का?"

"आधी हे बघा."

त्यांनी चष्मा लावला, पत्र डोळ्यांशी धरलं आणि त्यांचा चेहराच बदलला. वाटलं, आता कबूल करतात.

"हे मी केलं असं तुम्हाला वाटलं?" त्या कडाडल्या. "मी? हा समास बघा, तर्र झाल्यासारखा चाललाय. ही अक्षरं बघा, अर्धी जड, अर्धी फिकी. दोन बोटांनी टाइप केलंय कुणीतरी. बदला घ्यायचा झाला तरी मी तो सरळ समासात घेईन!"

मला हसू आवरेना. "यंत्र कार्यालयातलंच का?"

"नाही हो. रशियन लिपीत नसलेली तुमची तीन किर्गिझ अक्षरं आपल्या यंत्रावर आहेत, मी मुद्दाम बसवून घेतली होती. हे साधं रशियन यंत्र आहे. बघा, त्या तीन अक्षरांना शेपट्या आणि आडव्या रेघा पेनाने जोडल्यात. पूर्वी खेड्यापाड्यांतल्या शाळांमधून असंच करायचे."

खरं होतं. मी स्वतः मिलिशियाचे अहवाल तसेच लिहिले होते. म्हणजे लिहिणारा माणूस जुन्या वळणाचा होता, आणि घरी टाइपरायटर ठेवून होता.

"अजून एक," मी म्हणालो. "जुलैत मेलीसने कागदांवर चहा सांडला होता का?"

"मेलीसने? त्याच्या पोटात व्रण आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी चहा तोडलाय. नुसतं गरम पाणी पितो बिचारा." त्यांनी जर्दाळूची बी थुंकली. "कुणाला तरी पाठीशी घालतोय. आणि तो घाबरट माणूस पाठीशी कुणाला घालेल, तर ज्याला नाही म्हणायची त्याची छाती होत नाही, त्याला."

५

तसा माणूस उपाध्यक्ष असू शकत होता. साडेअकराला मी नुरदौलेतच्या दारावर थाप मारली. तो टाय बांधत होता.

"बसा बायके. तुम्ही यायला एवढा उशीर का लावलात, याचंच मला नवल वाटत होतं."

"पत्राचा फायदा तुम्हाला आहे."

"फायदा?" त्याने टाय अर्धवट सोडली, टेबलावरचा कागद उचलून माझ्यापुढे टाकला. देशांची नावं, आणि त्यांतल्या काहींपुढे बरोबरची खूण. "मोजा. एकवीस आहेत. लागतात वीस. आठ महिने हिंडलोय यासाठी. प्रत्येकाच्या घरी जेवलोय, प्रत्येकाच्या पोरांची नावं पाठ केलीत. आणि आज सकाळी कुणीतरी येऊन मला बिनविरोध करून टाकतो!" तो खरोखर चिडला होता. "उद्या लोक काय म्हणतील? नुरदौलेतसमोर कुणी उभंच नव्हतं. मला तिला हरवायचंय बायके. ती उभी असताना. तिच्याशी झुंज घेऊन हरलेलंही परवडेल, पण असलं जिंकणं नको."

मिलिशियात मी पुष्कळ संतापलेली माणसं पाहिली. हा संताप खोटा नव्हता. तो मानी माणसाचा संताप होता.

"एकवीसची गोष्ट आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"ज्याला बोटं मोजता येतात त्या प्रत्येकाला. प्रतिनिधी काल दिवसभर चहा पीत हेच तर बोलत होते."

मी तळ्याकाठच्या वाटेने परत निघालो आणि मध्येच थांबलो. सकाळपासून मी उलट्या टोकाने बघत होतो. हे पत्र कनिशायला पाडायला लिहिलंय, असं धरून चाललो होतो. पण ती पडणारच होती! पाडायला पत्राची गरज नव्हती. पत्राची गरज होती ती तिला पडताना कुणी बघू नये, यासाठी. लिहिणारा तिचा वैरी नव्हता.

मी पत्र पुन्हा उघडलं. आणि सकाळी वाचूनही जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते एकदम डोळ्यांत भरलं.

चौतीस वर्षं.

अधिवेशनाच्या दारावर कनिशायचं भलंमोठं चित्र लावलंय. त्याखाली लिहिलंय: पट्ट्याची बत्तीस वर्षं. महासंघाच्या प्रत्येक पुस्तकात बत्तीसच आहे, कारण मुलींची पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून ते मोजतात. त्याआधीची दोन वर्षं जगात तिघांनाच ठाऊक होती. एक कनिशाय, पण त्या अंगठ्याने ती तशी सही करूच शकत नव्हती, आणि जुन्या कोऱ्या कागदावर स्वतःचाच राजीनामा लिहायची तिला काय गरज? दुसरा मी. मी लिहिलं नव्हतं, एवढं मला खात्रीने माहीत होतं.

मी तिसऱ्याच्या दारावर गेलो.

६

बेशेन आगाय खिडकीशी बसले होते, डोक्यावर पांढरा कल्पाक, हातात चहाची वाटी. एक्क्याऐंशी वर्षांचे, महासंघाचे मानद अध्यक्ष. नारिनच्या क्रीडाशाळेत त्यांनी आम्हा सगळ्यांना घडवलं, म्हणून आम्ही सगळे त्यांना आगाय म्हणतो. गुरुजी.

"ये मुकाम्बेत," ते म्हणाले. "तू दुपारच्या आत येशील असं वाटलंच होतं. मिलिशियाने तुला बरं शिकवलं."

मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "शाळेचा टाइपरायटर अजून तुमच्या घरी आहे ना?"

"आहे. 'क' अडकतो." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मेलीसला काही बोलू नकोस. जुलैत कुरणावरच्या स्पर्धेच्या आमंत्रणासाठी मी तो कागद मागून घेतला. स्पर्धा झालीच नाही, कागद घरी पडून राहिला. तोही माझाच चेला, मला नाही कसं म्हणेल? आणि आता माझं नाव सांगायला त्याची जीभ रेटेना."

"का केलंत, आगाय?"

ते तळ्याकडे वळले. "काल घरून निघण्याआधीच मी मतं मोजली. ती हरते आहे. अडतीस देशांसमोर, आपल्याच भूमीवर, माझ्या पोरीची पाठ लागणार. तिची पाठ कधी लागली नाही मुकाम्बेत. मला ते बघवणार नाही."

"कधीच लागली नाही?" दारातून आवाज आला. कनिशाय उभी होती. मला शोधत आली असावी, किंवा तिलाही ते चौतीस दिसलं असावं. "आणि नारिनची शाळा, आगाय?"

मला तो फेब्रुवारी जसाच्या तसा आठवतो. गोठलेल्या खिडक्यांची व्यायामशाळा, मुलांची स्पर्धा. सत्तावन्न किलोत आगायांचा एक मुलगा कमी पडला. तर कनीबेक नावाचा, नुकतेच केस भादरलेला एक पोरगा आखाड्यात आला. मी पट्टा तपासायला वाकलो आणि ओळखलं की हा पोरगा नाही. वेण्या तिने स्वतःच मेंढरं कातरायच्या कात्रीने कापल्या होत्या. मी पंच होतो. कुस्ती थांबवणं माझं काम होतं. मी शिट्टी वाजवली ती सुरू करायची. एवढ्या वर्षांत ती एकच गोष्ट मी नियमाविरुद्ध केली, आणि माझ्या सगळ्या कामात मला तिचाच जास्त अभिमान आहे.

"चाळीस सेकंद," कनिशाय म्हणाली. "चाळीस सेकंदांत त्याने मला उताणं पाडलं. चौतीस वर्षं मोजायची असतील तर ती पाठही मोजावी लागेल. तुम्ही वर्षं लक्षात ठेवलीत आणि पडणं विसरलात."

म्हाताऱ्याने पत्र उलटं करून ठेवलं.

"पडल्यावर तुम्ही मला काय म्हणालात?"

"म्हणालो, ऊठ. त्याच्या हातात हात दे. आणि रडायचंच तर बाहेर बर्फात जाऊन रड."

"मग आज मला उठायची संधी तरी द्या. पडल्याशिवाय कशी उठू?" ती जवळ गेली, वाकली आणि त्यांचा कल्पाक सरळ केला. "तुम्ही मला फार नाजूक समजता, आगाय. आमच्या गावात याला शिवी म्हणतात."

७

दोन वाजता सभागृह खचाखच भरलं होतं. पत्र वाचायची वेळ मेलीसवर आलीच नाही. कनिशाय स्वतः उठली आणि तिने ते वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "कोऱ्या कागदावर केलेली. अध्यक्षाने कोऱ्या कागदावर सही करायची नसते. मी केली, तो दोष माझा. मजकूर माझा नाही. मुख्य पंचांची चौकशी पूर्ण झाली आहे."

मी उठून सांगितलं, पत्र खोटं आहे. कुणीतरी ओरडलं, "कुणी लिहिलं ते सांगा!" पहिल्या रांगेत बेशेन आगाय काठीवर जोर देऊन उठू लागले.

"लिहिणाऱ्याने माझ्याकडे कबूल केलंय आणि मी ते मिटवलंय," कनिशाय म्हणाली. तिने आगायांकडे बघितलंही नाही. "या सभागृहातल्या कुठल्याही उमेदवाराचा त्यात हात नाही. नुरदौलेत माझ्याविरुद्ध सरळ उभा आहे आणि मीही सरळ उभी आहे. मतदान घ्या."

तिला सहज मूग गिळून राहता आलं असतं. संशय नुरदौलेतवर तसाच लोंबकळत ठेवला असता तर दोन-चार मतं नक्की फिरली असती. हे नुरदौलेतलाही कळलं. त्याने जागेवरूनच छातीवर हात ठेवून मान लववली.

मतदान झालं. नुरदौलेत वीस, कनिशाय अठरा. त्याच्या कागदावरच्या खुणांपैकी एक तिच्याकडे आली होती, पण एकाने भागत नव्हतं.

कनिशाय व्यासपीठावर चालत गेली आणि तिने त्याच्या हातात हात दिला, नुसती बोटं टेकवून नव्हे, पैलवान देतात तसा. अख्खं सभागृह उभं राहिलं. वीस जणही आणि अठरा जणही. मग ती खाली उतरली आणि किर्गिझस्तानची पाटी असलेल्या टेबलाशी, साध्या प्रतिनिधीच्या खुर्चीत जाऊन बसली. रायसा पावलोव्हना नाक शिंकरत होत्या आणि सर्दी झाल्याचं शेजाऱ्यांना सांगत होत्या.

नव्या अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. जागतिक स्पर्धेत मुलींच्या कुस्त्या सकाळी बाजूच्या आखाड्यात न ठेवता मुलांबरोबर, मुख्य आखाड्यात घ्याव्यात, असा तो ठराव होता. कनिशायने तो दोनदा आणला होता आणि दोनदा पडला होता.

"यावर कुणाला बोलायचंय?"

एकच पाटी वर गेली.

"बोला, कनिशाय एजे," नुरदौलेत म्हणाला. या विषयावर तो काय करेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती तीन मिनिटं बोलली. कुणाला दूषण नाही, विनवणी नाही. शेवटी म्हणाली, "आमच्या पोरी मोठ्या आखाड्यात हरतीलही. पण हरायचं तर तिथेच. तुम्हा सगळ्यांच्या देखत."

नुरदौलेतने हात वर करायला सांगितले आणि सगळ्यांत आधी स्वतःचा केला. पुढे हात वर होत गेले. मी आणि मेलीस रांगेरांगेतून मोजत चाललो. वीस, तेवीस, सव्वीस. ठराव मंजूर झाला होता.

"सत्तावीस," मेलीस म्हणाला आणि अडखळला. तो पहिल्या रांगेशी उभा होता. "आगाय, तुमचा हात... मानद अध्यक्षांना मत नसतं."

"मला ठाऊक आहे," बेशेन आगाय म्हणाले. "मोजू नकोस."

आणि त्यांनी हात खाली घेतला नाही.